रस्त्याच्या बाजूची दोरी

आईला दिवसाला चौदा फडकी लागायची. हा आकडा अंदाजाचा नाही. पहिला आठवडाभर रोज मोजून मी सरासरी काढली होती.

कोजागिरीनंतर दोनच दिवसांनी ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं. दिवाळीच्या आधी आम्ही तिला पांढरकवड्याला घरी आणलं ते थेट पलंगावर. डायपर आठ दिवस वापरून पाहिले, तर मांड्यांवर पुरळ उठलं. मग तिचीच जुनी सुती लुगडी फाडली आणि चौपदरी शिवून तीस फडकी केली. तीस म्हणजे दोन दिवसांची, वर दोन शिल्लक. आज धुतलेलं आज वाळलंच पाहिजे, नाहीतर तिसऱ्या दिवशी खोळंबा. वाळलं म्हणजे हाताला वाळलं नव्हे, गालाला लावून वाळलं. हाताला ओल कळत नाही, हे मी त्या महिन्यात शिकलो.

कामांची वाटणी करणं मला जमतं. कचेरीत आस्थापनेचं टेबल सांभाळतो, तिथे वर्षानुवर्षं तेच करत आलोय. बायको नऊच्या बसने शाळेवर शिकवायला जाते. आईला पुसणं, कूस बदलणं, औषधं हे तिच्याकडे. धुणं आणि वाळवणं माझ्याकडे. आम्ही दोघं कामावर असताना समोरच्या काकू आईजवळ येऊन बसत. त्या एकट्याच राहतात आणि आईला माय म्हणतात. त्यांच्याकडे फडकी बदलणं आणि तीन वाजता दोरीवरची काढणं. तसा तक्ता करून मी आईच्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावला. शेवटचा रकाना होता ‘आजची फडकी’. रोज संध्याकाळी मी तो भरायचो.

आईला ही वाटणी पहिल्या दिवसापासून मान्य नव्हती.

“लेकानं मायचे असे फडके धुवाव काय? पाप लागते मले.”

“पाप माझ्या नावावर लिही. तू कूस बदल.”

“तुह्यासारखा कारकून देवाच्या घरीही नसंन,” ती म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

खरी अडचण पुढे आली. आमचं घर दक्षिणमुखी आहे. म्हणजे पुढे दक्षिणेला रस्ता, मागे उत्तरेला अंगण. दक्षिणमुखी म्हणून ते कोणी घेत नव्हतं, म्हणून आम्हाला मिळालं. फडकी वाळायची मागच्या अंगणात. आमच्याकडे, आणि माझ्या माहितीतल्या सगळ्याच घरांत, शर्ट, साड्या, चादरी पुढच्या दोरीवर आणि लोकांना दाखवायचे नाहीत ते कपडे मागच्या. पण थंडी पडायला लागली तसा सूर्य दक्षिणेला कलला आणि घराची सावली मागच्या अंगणावर पसरत गेली. मी टिपणं ठेवली. दिवाळीत मागच्या दोरीला ऊन दहा ते दोन. पुढच्या आठवड्यात अकरा ते एक. नोव्हेंबर संपता संपता ऊन फक्त मागच्या कुंपणभिंतीच्या माथ्यावर वीतभर, आणि तिथे मांजर बसलेलं.

मी उपाय करत गेलो. पंख्याखाली वाळवली, खोलीत कुबट वास कोंडला. इस्त्री फिरवली, वरचे दोन पदर कडक, आतले दोन गार. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एका शेतकऱ्याने पऱ्हाटीचा ढीग रचला होता. बोंडअळीमुळे त्याने यंदा कपाशी लवकर उपटली होती. त्या ढिगावर दिवसभर ऊन. मी फडकी तिथे पसरली आणि संध्याकाळी खडखडीत वाळलेली घेऊन आलो. स्वतःवर खूश होतो.

रात्री आईने विचारलं, “कायच्यावर वाळवले रे?”

“पऱ्हाटीवर.”

“तरीच. मले पाठीखाली कापूस येचून राह्यल्यासारखं वाटते.”

दिव्याखाली धरून पाहिलं. वाळक्या बोंडांची टोकं आणि पानांचा चुरा प्रत्येक फडक्यात रुतला होता. चिमट्याने काढत बसलो आणि पऱ्हाटी यादीतून खोडली.

त्याच आठवड्यात बायकोने मला हाक मारून आईची पाठ दाखवली. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, “लाल आहे तोवर तुमच्या हातात आहे. चामडी फाटली तर पुन्हा यवतमाळला न्यावं लागेल, आणि या वयात ती जखम सहजी भरत नाही. ओल लागू द्यायची नाही. कूस बदलत राहा. पाणी भरपूर पाजा.”

मी ते तीनही तक्त्याच्या वर लाल शाईत लिहिलं. आणि ठरवलं, फडकी उद्यापासून पुढच्या दोरीवर.

आईला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मी थट्टा करत नाही हे कळल्यावर उठून बसायला गेली आणि कण्हली.

“समोर? रस्त्यावर? ट्रकवाले, शाळेच्या पोट्ट्या, सारे पाह्यतीन माहे फडके?”

“फडक्यावर तुझं नाव लिहिलं नाही.”

“साऱ्या मोहल्ल्याले मालूम हाये या घरात कोण पडून हाये. अन् तू तुह्या चड्ड्या-बनियन समोर वाळू घालतं काय? मांगंच घालतं ना?”

 मागच्या दोरीवर त्या क्षणी माझ्या तीन बनियन होत्या.

“मले पडू दे ओल्यावर,” ती म्हणाली. “पर जितेपणी रस्त्यावर नको टांगू.”

त्या दिवशी ती जेवली नाही. पाण्याचा पेला भरलेला तसाच राहिला. तेव्हा मी तडजोड काढली. पुढच्या अंगणात दोन दोऱ्या बांधू. रस्त्याकडच्या दोरीवर तिचं नऊवारी लुगडं आडवं पसरू, पडद्यासारखं. आतल्या दोरीवर फडकी. रस्त्यावरून दिसेल ते फक्त लुगडं. बायका साडीखाली झाकून कपडे वाळवतात तसंच. आई म्हणाली, “हिरवं लावजो. पांढऱ्यातून दिसते.”

मी रविवारी दोऱ्या बांधल्या. लोखंडी खिळे, नायलॉनची दोरी, चिमट्यांचे दोन डबे. हिरवं लुगडं लावलं. रस्त्यावर उभं राहून पाहिलं, एक फडकं दिसत नव्हतं. समाधानाने सोमवारी कचेरीत गेलो.

संध्याकाळी काकूंनी टोपली माझ्यापुढे ठेवली. “भाऊ, लुगडं कसं वाळून खडखडीत झालं. अन् फडके तसेच गार. ऊन तं सारं लुगडंच खाऊन राह्यलं.”

साधी गोष्ट होती. रस्ता दक्षिणेला, ऊन दक्षिणेकडून, आणि मी दोन्हींच्या मध्ये नऊ वार कापड लावलं होतं. अंगण सात फुटांचं. लुगड्याची सावली थेट भिंतीपर्यंत. मी टेप घेऊन मोजलं, आतली दोरी भिंतीला चिकटवून पाहिली, लुगडं दोन वीत खाली घेतलं. खाली घेतलं की फडकी दिसत, वर केलं की ऊन जाई. पडदा किंवा ऊन, दोन्ही मिळत नव्हतं. मी आईला शब्द दिला होता, म्हणून पडदा ठेवला.

आणि मग आकडा उतरायला लागला. चौदाची बारा झाली, बाराची दहा, एके दिवशी नऊ. मला वाटलं, प्रकृती सुधारते आहे. रकान्यात नऊ लिहिताना मी मोठ्याने वाचलं आणि आईला म्हणालो, “शाबास! अशी प्रगती राहिली तर दोरी एकच पुरेल.”  आई खूश दिसली.

शनिवारी बायकोने पुन्हा पाठ दाखवली. डाग रुपयाएवढा राहिला नव्हता. तळहाताच्या खळग्याएवढा झाला होता आणि मधोमध कातडी चकाकत होती.

मी गादी उन्हात टाकायची म्हणून उचलली. गादीखाली चार फडकी निघाली. दाबून इस्त्री केल्यासारखी चपटी, अर्धी ओली. एक तर दोनदा वापरलेलं होतं. मी काकूंकडे पाहिलं.

“मले काय पाह्यता? मायनं शपथ घातली होती. म्हणे, दोरीवर जितके कमी दिसतीन तितके बरे. अन् पाणीही अर्धाच पेला घेते. मी म्हटलं तं म्हणे, पाणी प्यालं की फडके वाढतेत.”

मी आईवर ओरडलो. पडली त्या दिवसापासून तोंडातून चढा शब्द काढला नव्हता, तो सगळा त्या दिवशी काढला. चामडी फाटली तर काय होईल ते डॉक्टरांच्या शब्दांत सांगितलं, मग माझ्या शब्दांत. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिली.

बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिचा आवाज वर्गातला होता, हळू आणि सरळ.

“अहो, रोज संध्याकाळी आकडा मोठ्याने कोण वाचतं? कमी झाला की शाबास कोण म्हणतं? आईंनी तुमच्यासाठी कमी करून दाखवला.”

मी तिथे उभा राहून पाणी प्यायलो. मग बाहेर जाऊन तक्ता काढला, शेवटचा रकाना कात्रीने कापला आणि उरलेला परत लावला. नवीन ओळ लिहिली आणि आईला वाचून दाखवली: फडकी रोज चौदा. एकही कमी चालणार नाही. पाणी आठ पेले.

“जास्त लागले तं?” ती भिंतीकडे बघतच म्हणाली.

“तर लागले. तुझी अजून लुगडी आहेत.”

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आता बाहेर काढा, कुशीवर झोपवा, पाठीला ऊन-वारा लागू द्या. रविवारी सकाळी दहा वाजता मी पुढच्या अंगणात बाज टाकली. मी, बायको आणि काकू, तिघांनी चादरीची टोकं धरून आईला उचललं. ती सगळा वेळ देवाचं नाव घेत होती आणि मध्येच “दार, दार लागते पायाले!” म्हणत होती. दार हातभर लांब होतं. कुशीवर झोपवलं, तोंड घराकडे, पाठ रस्त्याकडे, अंगावर पातळ धोतर सैल टाकलेलं. डोक्यावर आतल्या दोरीवरची चौदा फडकी आणि पलीकडे हिरवं लुगडं.

दीड महिन्याने ती घराबाहेर आली होती. आम्ही चहा आणला. तिने दोन घोट घेतले. मग तिचे खांदे आखडले.

“अरे, इथं तं घरापेक्षाही गार हाये. ऊन कुठं हाये तुमचं?”

“लुगड्याच्या पलीकडे,” मी म्हणालो.

“माय,” काकू म्हणाल्या, “उनाले लुगडं नेसवलं ना तुमी.”

आईने मान वळवून लुगड्याकडे पाहिलं. त्याची रस्त्याकडची बाजू उजळ होती, आमच्याकडची काळपट.  बोलायचं खूप होतं, पण एक दिवस आधी सगळं बोलून झालं होतं.

“सरकव थोडं,” ती म्हणाली.

मी हातभर सरकवलं. उन्हाची पट्टी तिच्या पायांवर आली. ती पावलं तिथे तशीच ठेवून पडली.

“अजून.”

अजून सरकवलं. रस्त्यावरून सायकलवर कोणी गेलं. तिने डोळे मिटून घेतले आणि सायकल जाईपर्यंत मिटूनच ठेवले. मग म्हणाली, “काढच बावा ते. पाह्यतीन तं पाह्यतीन. मी काय चोरी केली काय कोणाची?”

मी चिमटे काढले. लुगडं खाली आलं आणि ऊन एकदम तिच्या पाठीवर, बाजेवर, चौदा फडक्यांवर पडलं. तिने “आँ” असा आवाज केला, गरम पाण्यात पाय घातल्यावर करतो तसा.

दुपारी एक ओळखीची बाई फाटकापाशी थांबली. दोरीकडे पाहिलं, बाजेकडे पाहिलं आणि काय विचारावं ते तिला सुचेना. आईने तिला तसं उभं ठेवलं नाही. पाठ तिकडेच होती, तशीच मोठ्याने म्हणाली, “माहेच हायेत. खुबा मोडला माहा. तू कुठं चालली?”

अडीच वाजता मी एकेक फडकं गालाला लावून पाहिलं. चौदाही वाळली होती. घड्या घालायला मी टोपली घेऊन आत निघालो, तर आईने बाजेवरून हात पुढे केला. “इकडं दे. दुसरं काय काम हाये मले?”

डाग लगेच गेला नाही. पंधरा दिवस तसाच होता. मग चकाकी गेली, कडा फिकट झाल्या. संक्रांतीच्या सुमारास डॉक्टरांनी त्यावर अंगठा दाबला, उचलला, पाहिलं आणि म्हणाले, फाटत नाही आता. आई वॉकर धरून दारापर्यंत येते. फडकी आता सहाच लागतात, आणि ही सहा मी गादी उचलून, पेले मोजून खात्री केलेली सहा आहेत. दाराशी बसून ती सांगते की तिसरं वाकडं लावलं, चिमटा टोकाला लाव, सकाळचं ऊन आधी डावीकडे येते तं जाड फडके तिकडं. माझ्या टिपणांत हे नव्हतं. लिहून घेतलं.

हिरवं लुगडं मी मागच्या दोरीवर टाकतो. तिथे त्याला वाळायला दोन दिवस लागतात. त्याची घाई नाही.