बद्द वाजणारा दगड

आम्ही महादेव कोळी. सह्याद्रीच्या कड्यांवर लोकांना चढवणं हे आमच्या घरचं काम. शहरातली मंडळी वर जाऊन फोटो काढायची, पेपरात त्यांची नावं यायची आणि पहिला दोर वर नेणारे माझे बाबा त्याच बातमीत नुसते 'स्थानिक वाटाड्या' असायचे. मला याचा अजून राग येतो. बाबांना येत नाही.

मी शिकायला बर्लिनला आले आणि सुट्टीचे दिवस ड्रेस्डेनजवळच्या वाळूच्या दगडाच्या सुळक्यांवर घालवता घालवता गाइडच झाले. आता बर्लिन-ब्राउनश्वाइगकडचे आपले मराठी इंजिनिअर माझ्याकडे चढायला येतात. ऑफिसात मोठाले हुद्दे, कड्यावर मात्र मी म्हणेन तिथेच पाय. काम मला उत्तम येतं. उगाच लाजायचं कशाला?

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले. विमानतळावरच म्हणाले, "तुझा डोंगर दाव."

इथे आधारासाठी फटीत लोखंड अडकवायला बंदी, मऊ दगड झिजतो म्हणून. दोरीला गाठ मारायची आणि ती गाठ फटीत घट्ट बसवायची. हे बाबांना फार पटलं. दगडाला नमस्कार करून ते अनवाणी उभे राहिले, तेव्हा शेजारी दोर गुंडाळणारे जर्मन आजोबा खूश झाले. "गेनाऊ! अगदी बरोबर! पूर्वी आम्हीही असेच चढायचो." मी ते बाबांना मराठीत सांगितलं.

"मग आता बूट कशापायी घालत्यात?" बाबा म्हणाले. हे मात्र मी आजोबांना सांगितलं नाही.

मी पुढे चढले, वर पक्कं बांधून घेतलं आणि दोर ताणला. बाबा निघाले. दोन पुरुष उंची चढले असतील, तोच दगडावर मूठ ठोकून थांबले.

आमच्याकडे प्रत्येक दगड आधी मुठीने ठोकून बघतात. खणखणीत वाजला तर धरायचा, बद्द वाजला तर सोडायचा. माझा काका घाईत न ठोकता धरलेल्या दगडाने गेला. तेव्हापासून बाबांनी कुणाच्या सांगण्यावरून दगड धरला नाही. आणि इथला दगड कितीही चांगला असला तरी बद्दच वाजतो.

"पोरी, खाली ये! समदा सुळका सडलाय!"

त्यांचा आवाज कापत होता. बाबांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते घाबरले होते माझ्यासाठी. पण हातात दोर असताना रडण्याची सोय नसते. ते तसेच माघारी फिरले असते, तर गावी जाऊन जन्मभर माझ्या काळजीत राहिले असते.

"बाबा, हा असाच वाजतो. इथे कानाने नाही, तळव्याने बघायचं. ओलसर लागला तरच धोका. हात लावा, कसा आहे?"

"कोरडा."

"मग धरा."

"तुझ्या भरवशावर?"

"माझ्या भरवशावर."

बराच वेळ दोर हलला नाही. मग हलला, आणि मी तो हात-हात वर घेत गेले.

बाबा वर आले, माझ्या शेजारी टेकले. शाबासकी वगैरे आमच्यात कुणी देत नाही. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी चारी कडांवरून खाली डोकावून पाहिलं. ज्यांना उभा जन्म लोक वाट विचारत आले, ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आता उतरायचं कुणीकडनं?"