गरम झालं की काटा पडतो

घरामागच्या शेडमध्ये मिस्त्रींनी आजवर किती इंजिनं बांधली, याची मोजदाद त्यांनाही नव्हती. बांधलेलं इंजिन पुन्हा उघडायची वेळ मात्र कधी आली नव्हती. आता ती आली होती.

गाडी डॉक्टरीणबाईंची, त्यांच्या वडिलांच्या वेळची. तीन महिने खपून मिस्त्रींनी तिचं इंजिन नव्यासारखं केलं. थंड असताना ऑइल प्रेशरचा काटा कसा ताठ. इंजिन तापलं की मान टाकायचा. तेलाला दाब नाही म्हणजे आत लोखंडावर लोखंड घासणार. अशी गाडी दाराबाहेर सोडायची कशी?

मीटर खोटं बोलत असेल म्हणून त्यांनी दुसरं लावून पाहिलं. तेही तेच सांगू लागलं. दाब राखणारी स्प्रिंग काढली, तर ती ठणठणीत. मग उरली बेअरिंगं; ती सैल असली तरी दाब पडतो. ती त्यांनी स्वतः मोजून बसवली होती, आणि खरी भीती इथंच होती. हल्ली मापाच्या बारीक रेघा त्यांना दोन-दोन दिसत. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"बेअरिंगं सैल निघाली तर शेडला कुलूप," ते जेवताना म्हणाले.

"आणि दिवसभर घरात बसून माझ्या चहात चुका काढणार?" बायको म्हणाली. "कुलूप लावायचंच तर तोंडाला लावा."

सकाळी त्यांनी खालचं तेलाचं चेंबर उतरवलं, बेअरिंगं सोडली, मोजली. स्वतःवर भरवसा बसेना, म्हणून शेजारच्या लेथवाल्याला हाक मारली.

"काका, केसभरही चूक नाही. उगाच जिवाला घोर लावून घेता."

मिस्त्री तिथंच उलट्या बादलीवर टेकले. मग तेलाचा पंप हातात घेऊन झाकण सोडलं, आणि हसूच आलं.

पंपातली दोन दातेरी चाकं झाकणाला जवळजवळ टेकून फिरायला हवीत. मध्ये गळती रोखणारं गॅस्केट हवं ते कांद्याच्या पापुद्र्याएवढं. इथं होता चांगला जाडजूड पुठ्ठा. तापून पातळ झालेलं तेल त्या फटीतून मागल्या मागे पळत होतं. पुठ्ठ्याच्या कडा मात्र सुबक, भोकं अचूक. तीस वर्षं त्यांची गॅस्केटं बायकोच कापत आली होती, ओट्यावर, शिवणाच्या कात्रीनं. स्वतःचं माप ते तीनदा तपासत. तिचं काम तपासायची त्यांच्याकडे रीत नव्हती.

"अगं, हे पातळ कागदातलं कापून दे."

तिनं पुठ्ठा उलटसुलट केला. "कागद संपला होता. तुमच्या नव्या शर्टाच्या घडीतला घेतला. म्हटलं, जाड आहे, गळायचं नाही." मग पुठ्ठा खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे काटा माझ्यामुळे पडत होता?"

"थेंबभर तरी गळलं का? आणि न बघता बसवलं ते मी."

"आणि मी बसले कुलपाच्या गोष्टी ऐकत."

संध्याकाळी इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवलं. ती गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाली, "किती दाखवतोय?"

"तूच सांग," मिस्त्री म्हणाले. मग मीटरवरची नजर काढून म्हणाले, "मला हल्ली दोन-दोन दिसतात."

तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मीटरकडे.

"एकच आहे, आणि जागचा हलत नाही. उद्या दहा वाजता आपण डोळे तपासायला जायचं. येताना पातळ कागद घेऊ."