पंच चहा कोणाकडे पितो

माझ्या थोरल्या दिरांइतका 'हो' म्हणायला चिकट माणूस अख्ख्या रत्नागिरीत सापडायचा नाही. बोटीवरची नोकरी संपवून घरी आले तेव्हापासून शेवटची ओळ वाचल्याशिवाय ते कशालाच होकार देत नाहीत. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद वाचून होईतो गोळीची वेळ टळते. एकदा आम्ही सगळे गणपतीपुळ्याला गेलो, तर हे लॉजच्या भिंतीवरचे नियम वाचत उभे राहिले आणि तिकडे देवळात आरती आटोपली. जाऊबाई तेव्हा खणखणीत होत्या. म्हणाल्या, "अंतरपाट धरला तेव्हा बरं काही वाचायला मागितलं नाहीत."

गावात मात्र या खोडीला मान होता. गडग्यावरून, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणावरून, दोन घरं भांडली की भावोजींना पंच म्हणून बोलवत. दोन्ही घरांनी त्यांचं नाव घेतलं तरच ते जात, आणि निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कोणाकडचाच चहा घेत नसत. उन्हातून सुकलेल्या घशाने घरी येत, मग मी आधण ठेवायची.

अशा माणसाकडे त्यांच्याच मुलाने, माझ्या पुतण्याने, मस्कतहून कॅमेरा आणि त्याचा वायफायचा डबा पाठवला. जाऊबाईंना हल्ली काही आठवत नाही. उठतात आणि चालू लागतात. आई मला इथून दिसेल, असं त्याचं म्हणणं. पण कॅमेरा चालू व्हायला आधी मोबाईलवर 'मान्य आहे' दाबावं लागतं, आणि त्याच्या वर संपता संपत नाही एवढा मजकूर. भावोजींनी तो मला वाचून दाखवला, कारण मी मध्ये बोलत नाही. तक्रार झाली तर कोर्टात जायचं नाही. कंपनी नेमेल त्या लवादासमोर, कंपनीच्याच शहरात बसायचं. चारजणांनी मिळून तक्रार करायची नाही. हे मान्य नसेल तर कॅमेरा बंद.

"बाबा, कॅमेऱ्याशी कोण भांडायला जाणार आहे?" पुतण्या फोनवर म्हणाला.

"भांडणार नाय म्हणून भांडायचा हक्क सोडू काय रे?"

मग त्यांनी कंपनीलाच फोन लावला. तिथल्या मुलीला विचारलं, "तुमचा पंच चहा कोणाकडे पितो?"

"सर, सगळेच मान्य करतात."

"तसं नाय बाई. एक पंच तुमचा, एक माझा, आणि ते दोघं ठरवतील तो तिसरा. मग मी बटण दाबतो."

तिने फोन दुसऱ्याकडे दिला, त्याने आणखी कोणाकडे. दुपारी हेच चालायचं. खोकं कपाटावर पडून. पुतण्या मला म्हणायचा, "काकी, तू सांग ना त्यांना." मी काय सांगणार? सकाळी बापाचं ऐकायचं, संध्याकाळी मुलाचं, आणि मधल्या वेळात जाऊबाईंच्या मागे फिरायचं. जीव दमून जायचा.

अशाच एका दुपारी भावोजी फोनवर तिसऱ्या पंचाचं समजावत होते, मी मागीलदारी कपडे वाळत घालत होते, आणि जाऊबाई निघून गेल्या. शोधत गेलो तर एसटीच्या थांब्यावर बसलेल्या, पायात चप्पल नाही. मला म्हणाल्या, "देवरूखची गाडी गेली काय गो?" त्यांचं माहेर तिथलं.

भावोजी त्यांच्या शेजारी बसले. बराच वेळ धाप लागली होती. मग म्हणाले, "आज गाडी नाय. उद्या जाऊ."

घरी आल्यावर त्यांनी मोबाईल घेतला, मजकूर बोटाने सरसर वर सरकवला आणि शेवटचं बटण दाबलं. "पंच त्यांचा तर त्यांचा," एवढंच बोलले.

आता कॅमेरा भिंतीवर आहे. जाऊबाई पलंगावरून उठल्या की मस्कतला पुतण्याचा मोबाईल वाजतो आणि तो लगेच इकडे फोन करतो, "बाबा, आई उठली." भावोजी दिवसभर दाराआड खुर्ची टाकून बसलेले असतात, कॅमेऱ्यात दिसत नाहीत. फोन येईपर्यंत त्यांनी जाऊबाईंचा हात धरलेलाही असतो. "कळलं," म्हणतात, आणि दोघं हळूहळू अंगणात जातात. कॅमेऱ्यामुळे किती बरं झालं, असं पुतण्या मला म्हणतो. मीही तसंच म्हणते.