हॉलच्या भिंतीतलं पहिलं भोक

पाथर्डी फाट्याच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला यायचं ठरलं तेव्हा सासूबाईंनी दोनच अटी घातल्या. एक, त्यांची स्टीलची मांडणी स्वयंपाकघरात लागेल. दोन, हॉलच्या भिंतीला कुणी खिळा मारायचा नाही.

मांडणीवरून आमचं आधीच वाजलं होतं. त्यांचा निम्मा संसार मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये झाला आणि ती मांडणी तिथली. पुरुषभर उंचीची, उभी लावलेली ताटं, त्याखाली वाट्या, पेले, वरती डब्यांची रांग. जवळजवळ प्रत्येक भांड्यावर कुणी कधी दिलं ते कोरलेलं. मॉड्युलर किचन हौसेने करून घेतलेल्या मला ती अडगळ वाटायची आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि सामान हलवायच्या दिवशी टेम्पोत सगळ्यात आधी मांडणीच चढवली.

भिंतीचं मात्र मला कळत होतं. आधीचं क्वार्टर सरकारी, मग नाशिकरोडचं घर भाड्याचं. खिळा मारायचा तर कुणाला तरी विचारायला लागायचं. आता पहिल्यांदा विचारायला लागत नव्हतं, तर त्यांना तो मारायचाच नव्हता. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांचा फोटोसुद्धा टीव्हीशेजारी टेबलावर, भिंतीला टेकवून ठेवलेला. भिंत कोरी, पांढरी, आणि सासूबाई येता-जाता तिच्याकडे बघणार.

त्यामुळे इंटरनेटवाला आला आणि हॉलच्या भिंतीकडे ड्रिल रोखून उभा राहिला, तेव्हा त्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "इथं नाही," म्हणाल्या. "दुसरीकडं कुठं पण लाव."

तोडगा मी काढला. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीत बिल्डरने एक कोनाडा ठेवलेला होता, त्यात विजेचा पॉइंटही होता. खिडकीतून वायर आली, राउटर कोनाड्यात चपखल बसला आणि त्याच्यापुढे आली मांडणी. वायर दिसत नाही, डबडं दिसत नाही, कुणाच्या अटीला धक्का नाही. मी स्वतःवर इतकी खूश होते की संध्याकाळी नवरा कामावरून आल्या आल्या त्याला मांडणीमागे वाकून बघायला लावलं.

माझ्या कामाला इंटरनेट लागतं म्हणजे नुसतं लागत नाही, त्याच्यावाचून माझं कामच नाही. मी खुणांच्या भाषेची दुभाषी आहे. माझ्या थोरल्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्याशी भांडता भांडता मी ही भाषा शिकले, पुढे रीतसर कोर्स केला. आता दवाखान्यात, बँकेत, पोलीस चौकीत कुणी ऐकू न येणारं माणूस गेलं की तिथून मला व्हिडिओ कॉल येतो. ते माणूस हातांनी बोलतं, मी ते समोरच्या डॉक्टरला किंवा साहेबाला तोंडाने सांगते, आणि त्यांचं उत्तर हातांनी परत देते. आवाज अडकला तर माणूस "हॅलो, हॅलो" तरी करू शकतं. इथे चित्र अडकलं की हात हवेत थांबतो आणि शब्द अर्धाच राहतो.

नाशिकरोडच्या जुनाट घरात चित्र कधी अडकलं नव्हतं. नव्या घरात पहिल्याच आठवड्यात अडकायला लागलं. कोपऱ्यातली खोली मी कामासाठी घेतली होती, मागे गडद निळा पडदा लावलेला, दार बंद. लोकांचं खाजगी बोलणं असतं, त्यामुळे लॅपटॉप उचलून घरभर फिरता येत नाही. मोबाइलच्या नेटवर काम भागवावं म्हटलं तर आमच्या सोसायटीत त्याची आणखीच बोंब. मी कंपनीला फोन लावला. राउटर बंद करून चालू करा, म्हणाले. केला. पुन्हा करा, म्हणाले. पुन्हा केला. तिसऱ्या वेळी मी त्यांना दुसऱ्या भाषेत समजावलं, आणि ती खुणांची नव्हती.

मग तंत्रज्ञ आला. कळवणकडचा, चाळिशीतला, शांत माणूस. त्याने मांडणीतली दोन ताटं बाजूला सारली, आत हात घालून राउटरचे दिवे पाहिले, आपला मोबाइल त्याच्याजवळ धरला आणि माझ्यासमोर केला. "ताई, लय भारी स्पीड येतोय बघा. काय प्रॉब्लेम नाय." दोन ताटं जागेवर ठेवली, तक्रार मिटली अशी नोंद केली आणि गेला. मी माझ्या खोलीत येऊन बघते तर चित्र पुन्हा गारठलेलं.

असं तीनदा झालं. तो स्वयंपाकघरात उभा राहून मला खोटं ठरवायचा आणि तो गेल्यावर मी माझ्या खोलीत बसून त्याला. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "लॅपटॉप जुना झाला आसन तुमचा." लॅपटॉप जेमतेम वर्षाचा होता. मी त्याला चहा विचारला नाही. आमच्या घरी आलेल्या माणसाला चहा न विचारण्याची ही पहिलीच वेळ असावी. सासूबाईंनी नंतर मला तसं ऐकवलंही.

त्याच आठवड्यात तो कॉल आला. सुरगाण्याकडच्या एक बाई होत्या, दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसलेल्या. त्यांचं दुखणं काय होतं ते मी सांगणार नाही, आमच्या कामात ते सांगायचं नसतं. एवढंच सांगते, की डॉक्टरांचं बोलून झाल्यावर त्यांनी एक प्रश्न विचारायला घेतला. दोन्ही हात वर आले, आणि चित्र थांबलं. मी वाट बघितली. हात तसेच. पुन्हा जोडणी झाली तोवर डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले होते. बाई पिशवी आवरत होत्या. मी खुणेने म्हटलं, पुन्हा विचारा. त्यांनी मान हलवली, राहू दे, अशी. आयुष्यभर लोकांना "राहू दे" म्हणत आलेलं माणूस कसं मान हलवतं, ते मी बहिणीमुळे लहानपणापासून बघितलंय. त्या दिवशी मी पडद्यात तोंड खुपसून रडले, आणि मग चिडले. कुणावर तेही कळत नव्हतं.

मला हे काम देणाऱ्या मॅडमचाही फोन आला. समजूतदार बाई, पण स्पष्ट. "तुझं काम चांगलं आहे, म्हणून दसऱ्यापर्यंत थांबते. लाइन सुधारली नाही तर व्हिडिओचं काम मला दुसऱ्यांना द्यावं लागेल." व्हिडिओखेरीज माझ्याकडे दुसरं काम नव्हतंच.

घटस्थापना तोंडावर आली होती. आमच्याकडे त्याआधी सगळं घर धुऊन निघतं आणि सगळी भांडी खाली उतरतात, वापरातली असोत नसोत. सासूबाई आणि कामाच्या मावशींनी सकाळीच मांडणी रिकामी केली. बाल्कनीत जुन्या चादरी पसरल्या. ताटं, तांबे, डबे घासून दिवसभर उन्हात पडले होते. आमची बाल्कनी त्या दिवशी भांड्यांच्या दुकानासारखी दिसत होती. मी मात्र खोलीत दार लावून कामात होते. चार कॉल झाले. एकही अडकला नाही! हात स्वच्छ, बोटं स्वच्छ, कपाळावरची आठीसुद्धा दिसत होती.

आदल्या दिवशी मी कंपनीला एक सणसणीत पत्र पाठवलं होतं. साहजिकच सगळं श्रेय मी त्या पत्राला दिलं. संध्याकाळी नवऱ्यासमोर अर्धा तास भाषण केलं, की या लोकांच्या मानगुटीवर बसल्याशिवाय काही होत नाही. तो बिचारा मान डोलवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लखलखीत मांडणी परत भरली गेली आणि अकरा वाजता माझ्या समोरच्या माणसाचा हात हवेत अडकला.

त्या दुपारी मी कंपनीला फोनवर काय काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही. चहाला बाहेर आले तेव्हा घसा बसला होता. सासूबाईंनी कप पुढे केला. मग म्हणाल्या, "एक सांगू का? काल माझं कीर्तन मोबाइलवर एकदा पण अडकलं नाही. आज पहिल्या अभंगालाच थांबलं. काल आणि आज यात फरक एकच हाय. काल भांडी खाली होती."

मी कप खाली ठेवला. त्यांच्याकडे बघितलं, मग मांडणीकडे. त्या मांडणीला अडगळ म्हणणारी मी, तिच्यामागे राउटर लपवणारीही मीच. महिनाभर ज्याला शिव्या घालत होते तो दोष माझ्या हुशारीने कोनाड्यात नेऊन बसवला होता. आणि वर राउटरपुढे स्टीलची भिंत उभी केली होती.

"नक्की का ते बघू आधी," त्या म्हणाल्या. आणि आम्ही दोघी कामाला लागलो. मी खोलीत जाऊन चांदवडला बहिणीला व्हिडिओ कॉल लावला, दार सताड उघडं ठेवलं. सासूबाई स्वयंपाकघरातून ताटं उतरवायला लागल्या. एक कप्पा रिकामा झाला की ओरडायच्या, "आता?"

"थोडं बरंय!"

दुसरा कप्पा. "आता?"

"सुधारतंय, सुधारतंय!"

तिसरा कप्पा खाली आला आणि बहीण एकदम समोर आल्यासारखी झाली. तिच्या मागच्या खिडकीतलं कांद्याचं शेतसुद्धा दिसलं. सासूबाईंनी खात्रीसाठी सगळी ताटं परत लावली. बहीण धुरकट झाली. परत काढली, बहीण हजर. मी ओरडले, त्या ओरडल्या. शेजारच्या काकू काय झालं म्हणून दारात येऊन गेल्या. मी बहिणीला खुणांनी सगळी हकीगत सांगितली, तेव्हा ती हसून हसून वाकली आणि मग दोन्ही हात वर करून पंजे हलवायला लागली.

"हे काय करतेय ती?" खोलीच्या दारात येऊन सासूबाईंनी विचारलं. हातात अजून एक ताट होतंच.

"टाळ्या वाजवतेय. ऐकू न येणाऱ्यांच्या टाळ्या अशाच असतात, बघायच्या. तुमच्यासाठी वाजवतेय."

सासूबाई लाजल्या. मग ताट पदराने पुसत म्हणाल्या, "मांडणी काढून टाकू. तुला नकोच होती ना पहिल्यापासून."

खरं सांगते, महिन्यापूर्वी हेच वाक्य ऐकायला मी उपवास धरला असता. आता मी त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं. ज्या बाईने माझी नोकरी वाचवायचा मार्ग शोधला, तिचा संसार मी भंगारात काढू? "मांडणी हलायची नाही, आई," मी म्हटलं. "हलेल तर राउटर हलेल."

"मग कुठं लावशील?"

जागा एकच होती, घराच्या अगदी मध्यावर, आणि ती आम्हा दोघींना ठाऊक होती. त्या हॉलमध्ये जाऊन भिंतीसमोर उभ्या राहिल्या. तळहात फिरवला तिच्यावरून. "बोलव त्याला," म्हणाल्या. "भोक पाडू दे."

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला तो भीत भीतच. मी त्याला आधी बसवलं, चहा दिला, सोबत पोहे, आणि माझी चूक सांगितली. तो मांडणीकडे बघत राहिला. "ताई, चूक माझी पण हाय. दर टायमाला ताटं सरकवून बघितलं, पण तुमच्या खोलीत जाऊन नाय बघितलं." तो ड्रिल घेऊन हॉलच्या भिंतीपाशी गेला. सासूबाईंनी वर्तमानपत्र दुमडून भोकाच्या खाली धरलं, म्हणजे सिमेंटची पूड खाली पडू नये. ड्रिलचा आवाज सुरू झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि थांबला तेव्हा उघडले. राउटर लागला. त्याने हत्यारं आवरायला घेतली, तर त्या म्हणाल्या, "दादा, आता हात लागलाच हाय तर अजून एक पाड. इथं." आणि टेबलावरून सासऱ्यांचा फोटो उचलून आणला.

नवरात्रात सगळे कॉल सुरळीत गेले. मॅडमनी तीन दिवस पाहिलं आणि काम माझ्याकडेच राहील असं कळवलं. मी आनंदाने उडी मारली, पण आणखी एकीची वाट बघत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या आल्या. तोच दवाखाना, त्याच बाई, तीच पिशवी मांडीवर. मला ओळखलं आणि किंचित बिचकल्या. डॉक्टर बोलले, मी हातांनी सांगितलं. मग मी खुणेने त्यांना विचारलं, मागच्या वेळी तुम्ही काही विचारत होतात, आज विचाराल? त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. हात वर आले. थांबले नाहीत. एकामागून एक सगळा प्रश्न आला, लांबलचक, कित्येक दिवस मनात धरून ठेवलेला, आणि मी तो शब्दाशब्दाने डॉक्टरांना ऐकवला. डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली आणि नीट उत्तर दिलं. बाईंनी ते पुन्हा एकदा समजून घेतलं, आणखी दोन प्रश्न विचारले. या वेळी "राहू दे" म्हणून मान हलवली नाही.

कॉल संपल्यावर मी पडदा सारला, दार उघडलं. सासूबाई समोरच होत्या, दसऱ्याची झेंडूची फुलं ओवत बसलेल्या. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर सासरे, आणि शेजारी राउटरचे हिरवे दिवे. आत काय चाललं होतं ते त्यांना माहीत नव्हतं, मी सांगणारही नव्हते.

"अडकलं का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "शेवटपर्यंत नाही अडकलं."

त्यांनी सुई-दोरा मांडीवर ठेवला आणि झेंडूच्या पाकळ्या चिकटलेले दोन्ही हात वर करून पंजे हलवले.