चाकांवरची आक्का

माझी चुलत बहीण, आमची आक्का, साध्या जमिनीवर धड चालू शकत नाही. चपला घातल्या की ती उंबऱ्याला अडखळते. चाकांचे बूट चढवले की तीच आक्का एका पायावर अशी गिरकी घेते की बघणाऱ्याला घेरी यावी. फिगर स्केटिंग बर्फावर करतात म्हणे; पण बारामतीत बर्फ फक्त रसवंतीत. म्हणून आक्कानं ते फरशीवर केलं, राज्याची विजेती झाली आणि आता पन्नाशीला टेकली तरी इंदापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात पोरांना शिकवते. साहजिकच तिच्या क्लासचं वेळापत्रक पंचांगात असतं. मुहूर्त असला की सुट्टी. "आमची पोरं चातुर्मासात चॅम्पियन होत्यात, अन् तुळशीचं लगीन लागलं की समदं इसरत्यात," असं ती म्हणते. अक्षतांशी तर तिचं वैरच. एक तांदूळ चाकाखाली आला की गडी उताणा; त्यामुळे लग्न कुणाचंही असो, वऱ्हाड जेवायला बसलं की ही पाहुणी पदर खोचून हॉल झाडायला घेते. माळेगावच्या भाचीच्या लग्नात होमाभोवती फेरे चालू असताना ती नवरदेवावर ओरडली, "पाव्हणं, गुडघं वाकवा, वळण झ्याक येतंय!" त्यानं वाकवले. भटजी मंत्र विसरले.

हे मी चारचौघांत हसत सांगतो, पण तिच्यासमोर माझी नजर वर होत नसे. विजेती झाल्यावर पुण्यात तिची देशाच्या संघासाठी निवड चाचणी होती. चाकांची देखभाल माझ्याकडे. मी पिंपळीच्या आमच्या शेतावरच्या ट्रॅक्टरचं घट्ट ग्रीस त्यांत भरलं. भरलं अडाणीपणानंच, पण ती निघताना चाक जड फिरतंय हे मला दिसलं होतं, आणि बोलणी बसतील म्हणून मी गप्प राहिलो. कामाचं निमित्त काढून बरोबरही गेलो नाही. आक्का तिथं पडली. पुन्हा कधी स्पर्धेत उतरली नाही.

गेल्या महिन्यात क्लास सुटल्यावर ती पायरीवर नाड्या सोडत बसली होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"येड्या, पुण्यात पोचल्या पोचल्या दिसलं की मला. रॉकेलनं धुतली चाकं. पाण्यावानी पळत हुती."

"मग पडलीस कशानं?"

"माझ्या पायानं! उडी घेताना भ्याले. वीस-बावीस वरसं माझं पडणं तू आपल्या नावावर लावून बसलास व्हय रं?"

मी हसत सुटलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कितीतरी वर्षांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. आक्का मात्र हसत नव्हती.

"त्या उडीचं कुणी इचारलंच न्हाय मला," ती म्हणाली.

खरं होतं. भीतीपोटी मी तो विषयच कधी निघू दिला नव्हता.

"सांग की आता."

तिनं नाड्या पुन्हा आवळल्या. रिकाम्या हॉलमध्ये एक लांब वळण घेतलं, दुसरं घेतलं, हात पसरले, आणि मधोमध येऊन अलगद थांबली.

"हितंपातुर," ती म्हणाली, "समदं बरोबर हुतं बघ."