दिव्याचा व्हॅक्युम आणि बिनदिव्याचा

तालुक्याची कचेरी घोडेगावला हाताशी असताना महाळुंगे पडवळच्या दोन जावा वाटणीचा कागद करण्यासाठी जुन्नरला, कचेरीबाहेरील माझ्या अर्जलेखकाच्या टेबलापर्यंत आल्या, यातच माझ्या लेखणीची कीर्ती सिद्ध होते. माझे शाळेतील शिक्षण नववीत थांबले. कायद्याचे आजही चालू आहे.

वाटायच्या वस्तू दोनच: एकाच कंपनीचे, दांडा धरून ढकलायचे, जुने उभे व्हॅक्युम क्लीनर. थोरली पुण्यात ज्या बंगल्यात झाडलोट करी, तेथील मालकिणीने परदेशी जाताना ते दोन्ही जावांना मिळून दिले होते. थोरलीला एका मंगल कार्यालयात गालिचे साफ करण्याचे काम लागले होते. दमदार यंत्र हाती नसेल तर ते काम जाणार होते. परंतु थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे, ही रीत मोडणार कोण?

"भाऊ, तुमी जाणकार. यातलं भारी कोणतं?" थोरलीने चारचौघांत विचारले.

मी चष्मा पुसून पाहणी केली. एका यंत्रास पुढे दिवा, चकचकीत पट्टी, दोन वेगांचे बटण, गालिच्याप्रमाणे उंची बदलण्यासाठी पायाने दाबायची कळ आणि लांबलचक वायर. दुसऱ्यास केवळ एक बटण. मी तत्काळ 'उच्च प्रत' व 'हलकी प्रत' असे नमूद करून चतुःसीमा घातल्या: पूर्वेस दिवा, पश्चिमेस धुळीची पिशवी. यंत्र वळविले की पूर्वच फिरते, हे ध्यानात येताच 'यंत्र न वळविता' असे शब्द वाढविले.

धाकटीने दिव्याच्या यंत्राला मिठीच मारली. "मला ह्येच!"

थोरलीने पदराने डोळे टिपले व सही केली. धाकटीनेही केली. मग थोरलीने शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून वीज घेऊन आपले यंत्र माझ्या टेबलाखालच्या सतरंजीच्या अर्ध्या भागावर फिरविले. दहा वर्षांची धूळ दोन फेऱ्यांत गेली. उरलेल्या अर्ध्यावर धाकटीने आपले यंत्र फिरविले, त्याचा दिवा झगमगला. तेथील धूळ मात्र तशीच.

"मोटर दोन्हीला येकच हाय," थोरली म्हणाली. "वरच्या मालाला नुसते दागिने. आन् त्येचं दोन वेगांचं बटण लई दिवसांपासून हळू वेगावरच अडकलंय."

"अहो बाई, हे आधी का सांगितले नाहीत?"

"तुमी कुठं इचारलं? तुमीच सांगत व्हता की!"

"भाऊ, फाडा ह्यो कागद!" धाकटी कडाडली.

"कागदात दिवा लिहिला आहे, आणि दिवा लागतो," मी गंभीरपणे म्हणालो. "असत्य कोठे आहे?"

"मग बसा तुमी दिव्याखाली!"

"रागावू नको गं," थोरली म्हणाली. "कार्यालयात लाईट गेली की तुला बोलावते."

"लाईट गेल्यावर ह्यो दिवा तरी लागंल व्हय?"

यावर झेरॉक्सवाल्यासकट सगळे हसले. पुढे कळले ते असे, की एसटीत थोरलीने आपले यंत्र मांडीवर घेतले आणि थेट मंगल कार्यालयाच्या फाट्याचे तिकीट काढले.