दत्ताच्या रेलचा पाय

रेलच्या पायाला चीर गेलीय, हे मला आदल्या दिवशीच माहीत होतं.

आज दसरा. दत्ताला जाऊन तिथीनं वर्ष झालं. सकाळपासनं सोन्याचे मेसेज यायलेत. एकालाबी रिप्लाय दिला न्हाय. राग मानू नका.

ज्यांना दत्ता माहीत न्हाय त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही शाळेपासनंचे दोस्त. तो फौजेत गेला, मी येडशीत वेल्डिंगचं दुकान टाकलं. फौजेनं त्याला काश्मीरच्या बर्फात स्कीइंग शिकवलं. पायाला लांब पट्ट्या बांधायच्या आन उतारावरनं घसरायचं.

रिटायर होऊन आला ते स्कीचे दोन जुने जोड खांद्यावर टाकूनच.

म्हणला, "बाल्या, आपल्या माळावर रेल पार्क काढू. धाराशिव जवळ हाय, पोरं येतील. सगळं फुकट."

"आरं येड्या, बर्फ कुठाय? हितं फ्रीजमधी बी लाइट असली तरच जमतोय."

"रेलला बर्फ लागत न्हाय. पाइप लागतो. आन तू लागतोस."

झालं. पडलो त्याच्या नादाला.

एका मंगल कार्यालयानं हिरवं कार्पेट टाकून दिलं होतं. ते आणून माळाच्या उतारावर अंथरलं. त्याच्यावर भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी शिंपडायचं, की पट्ट्या सरासर पळायच्या. उताराच्या शेवटाला आडवा लोखंडी पाइप, चार पायांवर. हीच ती रेल. उडी मारून पाइपावर चढायचं, आडवं घसरत जायचं, पुढं कार्पेटवर उतरायचं. पाइप मी जोडला, पाय मी जोडले.

गावानं लई नावं ठेवली. फौजीला थंडी डोक्यात गेली म्हणायचे.

पण पोरं आली की हो! रविवारी लोहाऱ्यावरनं जीपला लटकून यायची. बूट सगळ्यांना मोठे, म्हणून तीन-तीन मोजे घालायची. दोन जोड स्की आन पंधरा पोरं. पडायची, गुडघे फोडून घ्यायची, परत लाइनीत.

दत्ताचा एकच कायदा. आधी मास्तर, मग पोरं. दिवसाची पहिली घसर त्याची. रेल धड हाय का न्हाय हे स्वतः बघितल्याबिगर एकालाबी चढू द्यायचा न्हाय.

त्याच कायद्यानं पोरं वाचली. तो गेला.

मागल्या वर्षी खंडेनवमीला दुपारी त्याचा फोन आला.

"बाल्या, रेलच्या पायाला चीर गेलीय. येतोस का मशीन घेऊन? धा मिनिटाचं काम हाय."

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पूजेत असतात. वेल्डिंग मशीन, ग्रायंडर, हातोडा, सगळं धुऊन पुसून पाटावर. हळद-कुंकू लावलेलं, झेंडूचा हार घातलेला. त्या दिवशी त्याला हात लावत न्हाईत. माझ्या बापानं कधी लावला न्हाय, मीबी न्हाय.

"आज न्हाय जमायचं. मशीन पूजेत हाय. उद्या दसरा. परवा येतो."

"उद्या पोरं यायलीत रे. सुट्ट्या लागल्यात."

"मग तारंनं आवळून टाक की घट्ट. एका दिवसानं काय कुणी मरतंय व्हय?"

हे मी बोललो. ह्याच तोंडानं. हसत.

तोबी हसला. "बरं, देवाचं काम आधी," म्हणला आन फोन ठेवला.

दसऱ्याला सकाळी पोरं लाइनीत उभी होती. पहिली घसर दत्तानं घेतली. तार तुटली, रेलचा पाय वाकला, पाइप एका अंगाला गेला. तो मागं पडला, मानेवर. हेल्मेट होतं. मानेला काय असतंय?

धाराशिवला पोचेपर्यंत खेळ संपला होता.

आन आता खरं सांगतो. ह्याच्यासाठी ही पोस्ट आहे.

लोकांना ती तार दिसली. दहाव्याला मांडवात बोलणं चालू होतं. "फौजी असून तार बांधून भागवलं बघा. असला निष्काळजीपणा. पोरगं गेलं असतं म्हणजे?" मी शेजारी बसलो होतो.

मी मान डोलावली.

व्हय. दोस्ताला मेल्यावर शिव्या बसत होत्या आन मी भित्र्यासारखी मान डोलावली. वर्षभर तेच केलं. चहाच्या टपरीवर, दुकानात, सगळीकडं.

गेल्या आठवड्यात सुनीतावहिनींचा फोन आला. दत्ताच्या मिसेस.

"भावजी, पोरं विचारायलीत. पार्क परत चालू करायचाय. रेल दुरुस्त करून द्या."

आठ दिवस जेवण गेलं न्हाय. आज सकाळी त्यांच्या घरी गेलो आन सगळं सांगून टाकलं. चिरीचा फोन, पूजा, तार.

वहिनी भाजी निवडत होत्या. हात थांबला न्हाय.

"मला माहीत हाय," म्हणल्या. "फोन स्पीकरवर होता. मी तिथंच बसले होते."

मी विचारलं,

"मग वर्षभर बोलला का न्हाईत?"

"तुमची वाट बघत होते. लोक ह्यांना नावं ठेवायचे, तुम्ही ऐकून घ्यायचे. वाटायचं आज बोलतील, उद्या बोलतील."

मी पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"माझ्यापाशी रडून काय उपेग? मला आधीच ठाऊक होतं. ज्यांच्यासमोर गप बसला, त्यांच्यासमोर बोला. मग मशीन घेऊन या."

म्हणून लिहितोय. मांडवात होते ते सगळे हितं फ्रेंडलिस्टमधी आहेत. नीट वाचा.

दत्ता निष्काळजी नव्हता. त्यानं आदल्या दिवशी चीर बघितली होती, मला बोलावलं होतं. मी गेलो न्हाय. तार मी बांधायला लावली.

कमेंटमधी मला काय शिव्या द्यायच्यात त्या द्या. त्याला देऊ नका.

दत्ता, यायला एक वर्ष उशीर झाला रे.

रामराम.